कानयंत्राच्या जाहिराती

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागामागच्या खोलीत बसून ताई चोवीस वर्षं डॉक्टरांची रेकॉर्ड केलेली टिपणं ऐकून टाइप करत आल्या होत्या. डॉक्टर घास चावत बोलोत की जांभया देत, ताईंचं अक्षर चुकायचं नाही. "यांचे कान फार तिखट," असं सगळे म्हणायचे.

गेल्या वर्षापासून डाव्या कानात शिटी वाजू लागली. हेडफोनचा आवाज कितीही वाढवला तरी शब्द पुसटच. नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मात्र ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधलं, 'कमी ऐकू येणे, उपाय'.

दोन दिवसांत तिथे कानयंत्राच्या जाहिराती नाचू लागल्या. दुपारपाळीला त्याच खुर्चीवर बसणारी सहकारीण हसत म्हणाली, "अहो ताई, आपल्यात बहिरं कोण झालं?" ताईही हसल्या.

रविवारी त्यांनी भाचीला गाठलं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची.

"माझ्या एका मैत्रिणीची अडचण आहे गं."

सगळं ऐकून भाची म्हणाली, "मैत्रिणीला सांग मावशी, ऑफिसात असलं काही शोधूच नकोस. खासगी विंडो उघडली तरी ऑफिसला कळू शकतं. स्वतःच्या फोनवर माग न ठेवणारा ब्राउझर आणि जाहिराती अडवणारं एक साधन, बस्स. दहा गोष्टी घेतल्या की एकही धड वापरली जात नाही." मग तिने हात पुढे केला. "आण मैत्रिणीचा फोन."

ताईंनी आपला फोन दिला.

आता कुणाला काही दिसत नव्हतं. ताई रोज फोनवर वाचायच्या आणि कानाची तपासणी पुढे ढकलायच्या.

एका गुरुवारी त्यांनी 'सात'चं 'साठ' केलं. औषधाची मात्रा होती. सही करताना डॉक्टरांच्या लक्षात आलं, म्हणून कागद वॉर्डात गेला नाही.

"दमलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर निभावलंही असतं.

"मला नीट ऐकू येत नाही," ताई म्हणाल्या. "वर्ष झालं."

कानयंत्र मिळालं, पण टाइपिंग सुटलं. बदली जुन्या फाइलींच्या खोलीत झाली. घरी ताईंनी जाहिरातींपासूनचं सगळं सांगितलं. नवरा एवढंच म्हणाला, "जाहिरातवाल्यांना आधी कळलं. मला नाही."

कानयंत्र नीट चालत होतं. शब्द न् शब्द ऐकू आला होता.