दामिट, दाराउफ आणि पाण्याचा घोट

उर्दू शाळेत दुसरीपर्यंत गेलो. तिसरीत मास्तरशी वाजलं अन् पाटी घरी आणली ती कायमची. त्यामुळं मला जर्मन बोली येते म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. मी ती लाकडाच्या वखारीत शिकलो, कैदी म्हणून.

माणसं आम्ही निजामाची, पलटण इंग्रजाची. आफ्रिकेच्या वाळूत धरले गेलो ते पुढं जर्मनीत नेऊन टाकले. संगं शहागंजातला माझा दोस्त होता, अत्तरवाल्याचा थोरला. वखारीचा म्हातारा मुकादम कुऱ्हाड उचलून विचारायचा, "वोमिट?" म्हणजे कशानं. आम्ही एका सुरात म्हणायचं, "दामिट." म्हणजे ह्यानं. मग ओंडक्यावर हात आपटून, "वोराउफ?" कशावर. "दाराउफ." ह्याच्यावर.

दोस्ताचं डोकं लई तेज. त्यानं मला फोड करून सांगितली. 'दा' म्हणजे ती वस्तू, 'मिट' म्हणजे तिच्यानं, दोन्ही एकात शिवून टाकायचे. 'आउफ' म्हणजे वर; तिथं जीभ अडखळते म्हणून मधी 'र' घालायचा. विचारताना 'दा'च्या जागी 'वो'. पण हे सगळं वस्तूला. माणसासंगं म्हणायचं असलं तर दामिट चालत नाय. तिथं 'मिट ईम', म्हणजे त्याच्यासंगं; माणसाचा शब्द सुटा.

"बघ," दोस्त म्हणाला, "सकाळी आपल्याला मेंढरांवानी मोजतात, अन् बोलीत मात्र माणूस निराळा ठेवतात."

दुसऱ्या हिवाळ्यात त्याची छाती भरली. दवाखान्याच्या बराकीत नेला. एका सकाळी आम्हाला कामाला हाकललं, परत आलो तर त्याची खाट रिकामी. कुठं पुरला तेही कुणी दाखवलं नाय.

लढाई सरल्यावर मी औरंगाबादेत आलो. त्याची आई मला घरी बोलवायची, चहा द्यायची अन् म्हणायची, "उसकी बोली सुना, बेटा." मी म्हणायचो वोमिट, ती म्हणायची दामिट. हसायची. "मुए ने माँ की एक नै सुनी, फिरंगी का सबक याद कर लिया."

एक दिवस त्याच्या धाकट्या भावानं मला गल्लीच्या तोंडाशीच गाठलं.

"अम्मी आज विचारणार. आखरी वक्ताला त्याला पाणी कुणी पाजलं म्हणून. तू म्हण, मी पाजलं."

"मी नव्हतो तिथं."

"ते मला बी ठाऊक. म्हणायला तुझं काय जातंय?"

"जातंय," मी म्हणालो.

त्यांच्यात मरणाऱ्याच्या तोंडी पाण्याचा घोट जाणं लई मोठी गोष्ट. आपल्यात काय निराळं आहे? पण जे माझ्या हातून झालं नाही ते मी माझ्या नावावर घेत नसतो. बापानं सांगितलं तरी असलं खोटं कधी बोललो नव्हतो मी.

तिनं विचारलं. मी सांगितलं, "अम्मी, मी कामावर होतो. पाणी कुणी दिलं ठाऊक नाय."

"कोई तो होगा?"

"असंल. मी पाहिलं नाय."

भाऊ उठून दारात जाऊन थुंकला. "पत्थर है तू." माझा चहा अर्धा राहिला होता, तो आईनं उचलून आत नेला. मग मला बोलावणं आलं नाही.

पुढं काही महिन्यांनी शहागंजातून चाललो होतो. दोस्ताच्या घरच्या अत्तराच्या दुकानापुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला. "तूच ना तो? बाईंनी सांगितलं. पोराला पाणी तू पाजलंस, शेवटपर्यंत डोकं मांडीवर घेऊन बसलास. अल्ला तुझं भलं करो."

दोस्ताची आई दुकानाच्या पायरीवरच उभी होती, बुरख्याची जाळी वर केलेली. नजर तिनं खाली घातली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडं.

'नाय' माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं, म्हाताऱ्याच्या हातातून हात सोडवला अन् चालू पडलो. त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.