केळीच्या खोलीतला नवा अल्बम

भाचा काल मोबाइल दाखवत म्हणाला, "मामा, तुमच्या त्या रॉक बँडचा नवा अल्बम पार फालतू हाय." त्यानं एक गाणंही पुरतं ऐकलं नव्हतं, खाली लोकांनी दिलेल्या शिव्या तेवढ्या वाचल्या होत्या. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात टेबलावरच्या पिकल्या केळ्यांचा वास आला आणि मी मनानं थेट कॉलेजच्या दिवसांतल्या अर्धापूरला पोचलो.

कॉलेजातला माझा दोस्त शिवराज, त्याच्या वडिलांची तिथं केळी पिकवायची खोली होती. दार जाड, आवाज बाहेर जायचा नाही, म्हणून याच बँडच्या कॅसेटी आम्ही तिथं दणकून वाजवायचो. एक दिवस बँडची नवी कॅसेट लावली, तर गिटारच्या जागी पियानो आणि गाणी सगळी रडवी. त्या उबट, गोड वासात घामाघूम होऊन आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या.

"लई फसवलं यांनी," शिवराज संतापून म्हणाला. "गिटारी काय विकून खाल्ल्या का?"

मी कॅसेट काढायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला. तेव्हा तो मला येडा वाटला. आता वाटतं, शिव्या द्याव्या तर त्यानंच.

"राहू दे," तो म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून लाव. माझ्या शिव्या अजून संपल्या न्हाईत."