वाऱ्याची मोजणी

संशय माझ्या घरात वारसाहक्कानं आला. वडील मोजणी खात्यात होते. पनवेल-उरणच्या शिवारात जमिनीच्या हद्दी मोजता मोजता त्यांची नोकरी संपली, आणि त्यातून त्यांनी घरी एकच शहाणपण आणलं: दगडाला पाय असतात. म्हणजे आज हद्दीवर पुरलेला दगड उद्या चार हात पलीकडे सापडतो आणि कुणी म्हणजे कुणी त्याला हात लावलेला नसतो. जेवताना ते हे इतक्यांदा सांगत की मी दूधवाल्याचं माप, रिक्षाचा मीटर, सगळंच परत तपासून बघायला लागलो. बायको म्हणते, तू देवळात गेलास तर देवालाही ओळखपत्र मागशील.

मीही पुढे मोजणाराच झालो, फक्त जमिनीऐवजी वाऱ्याचा. आमचं ऑफिस पनवेलमध्ये एका मिठाईच्या दुकानावर होतं. उरणच्या पुढे समुद्रात पवनचक्क्या उभ्या करता येतील का, याचा अभ्यास कुणालातरी हवा होता आणि तो आमच्याकडे आला होता. पूर्वी यासाठी उंच खांब रोवावा लागे. आता लायडार नावाची पेटी आली आहे, घरातल्या फ्रीजच्या निम्मी. ती आकाशात लेसरचा किरण सोडते. वाऱ्याबरोबर वाहणारी धूळ, मिठाचे कण त्या किरणाचा थोडा उजेड परत पाठवतात, आणि त्यावरून पेटीला कळतं की इतक्या उंचीवर वारा इतका आहे. भर समुद्रात पेटी ठेवायला जागा नसते, म्हणून ती एका मासेमारीच्या होडीवर बसवायची ठरली. होडी रोज आपल्या कामाला जाईल आणि जाता जाता पेटी वारा मोजेल.

चालत्या होडीवरून वारा मोजण्यात एक मेख आहे. वारा पाठीशी घेऊन मोटरसायकल चालवली की वारा पडल्यासारखा वाटतो, आणि तोच समोरून असला की शर्ट फाटेल की काय असं होतं. वारा तोच, फरक आपल्या चालीचा. होडीवरच्या पेटीलाही असंच होतं, म्हणून होडीची चाल आणि दिशा धरून गणित करावं लागतं, मग खरा वारा हाती येतो. आमच्या पेटीत आणखी एक खोट होती. वारा कोणत्या रेषेत वाहतोय हे तिला कळे, पण त्या रेषेच्या कुठल्या टोकाकडून येतोय हे कळत नसे. तेवढ्यासाठी तिच्या डोक्यावर बारक्या दांडीवर फिरणारं पातं होतं, आपण शाळेत ज्याला वातकुक्कुट म्हणायचो ते. पातं पुढून म्हणालं की पेटीही पुढून म्हणायची.

होडी ज्याची, तो तांडेल साठीचा होता. बोलायला कमी आणि बघायला जास्त, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून खटकला. त्याच्या गावात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मीच घोळ घालून ठेवला होता. लोक जमले, कशाला आलात विचारलं, आणि मी म्हणालो, "वाऱ्याची मोजणी करायची आहे." जमलेले लोक एकदम दोन पावलं मागे सरले. आमच्या भागात मोजणी या शब्दाला एकच अर्थ आहे. मोजणी झाली की नोटीस येते, नोटीस आली की शेत जातं, मिठागर जातं, आणि तिथे गोदाम नाहीतर विमानतळाची भिंत उभी राहते. एक म्हातारा म्हणाला, "जमीन मोजून झाली, आता वारा मोजायला आले. उद्या आमचा श्वास मोजतील." हे मला कळायला हवं होतं, मी मोजणीवाल्याचाच मुलगा. तेव्हा तांडेल पुढे आला. म्हणाला, "मी बगतो. पेटी माज्या होडीवर ऱ्हाईल. काय वंगाळ दिसलं तर मीच पान्यात टाकीन." त्याच्या शब्दावर लोक घरी गेले. त्याच्या शब्दाला त्या गावात किती वजन आहे, ते त्या दिवशी मी पाहिलं आणि त्याचाही मला संशयच आला. इतक्या सहज कुणी आपल्या बाजूनं उभं राहत नाही.

पेटी बसवायचा दिवस नेमका दसऱ्याचा आला. होडीला हार, इंजिनाला हार, जाळ्याला हळदकुंकू. तांडेलाच्या बायकोनं पेटीपुढेही नारळ फोडला आणि एक झेंडूचा हार माझ्या हातात देऊन म्हणाली, "ही पेटी तुमची. तुमीच घाला." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी तो हार पेटीला छान घट्ट बांधला आणि फोटोही काढला.

तांडेलानं रोज हातानं नोंद ठेवायची असं ठरलं होतं: वारा कुठला आणि किती. पेटीचे आकडे मोबाइलच्या नेटवर्कवरून थेट पनवेलला यायचे, वही मात्र आठवड्यानं यायची. पहिली वही आली आणि माझा चहा गार झाला. रोज पहाटे होडी पश्चिमेला निघाली की तांडेल लिहायचा, "मतलई. जोर हाय." मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. आणि पेटी त्याच वेळी सांगत होती की वारा जवळजवळ नाहीच, असलाच तर समुद्राकडून. एक दिवस नाही, रोज. बाकी वेळेचं मात्र दोघांचं जुळत होतं. परतताना वारा पडलेला असायचा, तो दोघांनीही पडलेलाच लिहिला होता.

मी खुर्चीतच ताडकन सरळ बसलो. माणूस न बघता लिहितोय. आदल्या दिवशी घरी बसून आठवड्याची पानं भरतोय. मग दुसरा विचार आला, तो अधिक गोड होता: पेटीला कुणीतरी हात लावतंय. याची डोल जाळी, म्हणजे खुंटांना बांधून ठेवायची मोठी जाळी, ज्या जागेवर लागतात, नेमका तोच पट्टा आम्ही मोजत होतो. समुद्रात डोलीच्या जागा ठरलेल्या असतात, खुंट रोवलेले असतात, बापाकडून मुलाकडे जातात. तिथे पवनचक्क्या आल्या तर याची जागा जाणार. वारा कमी दिसण्यात याचा फायदा आहे. वहीत वारा जोरात लिहायचा, म्हणजे आपण साळसूद, आणि पेटी मात्र गुपचूप बिघडवायची. दगडाला पाय असतात, तसे पेटीलाही असतील. हा तर्क मला इतका आवडला की मी त्यातली भोकं बघितलीच नाहीत.

महिन्याच्या अहवालात मी शेरा लिहिला: नौकाचालकाच्या नोंदी अविश्वसनीय, हेतूबद्दल शंका, नोंदी वगळाव्यात. आमच्या साहेबांनी तो वाचला आणि फोन करून तांडेलाला सांगितलं की उद्यापासून वही नको. का नको, तेही सांगितलं. मोठी माणसं अशी स्पष्ट बोलतात, कारण बंदरावर त्यांना जायचं नसतं.

मला जायचं होतं. पुढच्या खेपेला तांडेल धक्क्यावर उभा होता, आजूबाजूला त्याच्याच गावची माणसं. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "सायेब, मी खोटं लिवतो असं तुमी लिवलंय?"

"आकडे जुळत नाहीत, तांडेल."

"आकडे तुमच्या पेटीचं. वारा माज्या पाठीला लागतो. चाळीस वर्सं लागतोय." मग म्हणाला, "माज्या शब्दावर पेटी हितं आली. आता लोक मला ईचारतात, तुज्यावर त्यांचाच भरवसा नाय, मंग आमी कसा ठेवायचा?"

मी पडताळणी चालू आहे वगैरे काहीतरी बोललो. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी आनंदच झाला होता. पकडला गेलेला माणूस असाच बोलतो, असं माझ्या डोक्यात होतं.

त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून एके दिवशी मी न सांगता पहाटे बंदरावर जाऊन उभा राहिलो. तांडेलानं माझ्याकडे पाहिलं, बाजूला सरकून बसायला जागा दिली आणि होडी काढली. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन पेटीशेजारी बसलो. कुणी पेटीच्या आसपास फिरकलं नाही. स्क्रीनवर आकडे येत होते: वारा समोरून, समुद्राकडून.

आणि इंजिनाचा काळा धूर आमच्या डोक्यावरून पुढे चालला होता. होडीच्या पुढे. आम्ही जितक्या वेगानं जात होतो त्याहून भरभर तो पश्चिमेकडे पळत होता. माझी मान थंड पडली होती, ती मागच्या बाजूनं. वारा पाठीमागून येत होता, आणि चांगला जोरात. तांडेल सुकाणू धरून माझ्याकडे बघत होता.

मी उठून पेटीवरचं पातं पाहिलं. ते फिरत नव्हतं. होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून ताठ उभं होतं, वाऱ्याकडे पाठ करून. दांडीला सुताचा मळका दोरा गुंडाळलेला होता आणि दोऱ्यात झेंडूचं एक वाळकं देठ. फुलं कधीच गळून गेली होती. दोन आडव्या गाठी आणि वर एक उभी. अशी गाठ आमच्या वडिलांनी मला शिकवली होती, आणि त्या होडीवर तशी गाठ मारणारा दुसरा कुणी नव्हता.

म्हणजे दसऱ्यापासून पातं एकच सांगत होतं: वारा पुढून. होडी चालली की बहुतेक वेळा वारा पुढूनच लागतो, त्यामुळे ते खपून गेलं. फक्त पहाटे, मतलई पाठीशी असताना, ते उलटं सांगत होतं आणि पेटी त्यावर विश्वास ठेवून उलटं गणित करत होती: होडीची चाल वाऱ्यात मिळवायची तिथे वजा करत होती, म्हणून हाती जवळजवळ काहीच उरत नव्हतं. सगळ्या जगाला तपासत फिरणाऱ्या मी स्वतः बांधलेली गाठ तेवढी तपासली नव्हती. मला लाज वाटली, आणि मी तो दोरा कापला.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून हललो नाही. महिन्याभराच्या पहाटा पुन्हा गणितात घातल्या, वारा खऱ्या टोकाकडून धरला. जिथे वारा नव्हता तिथे वारा निघाला, आणि भरपूर निघाला. तांडेलाच्या वहीशी ओळ न् ओळ जुळत गेली. जिथे त्यानं "जोर कमी" लिहिलं होतं, तिथे गणितातही जोर कमीच. साहेब खूश झाले. मी नव्या अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं की नौकाचालकाच्या नोंदी अचूक आहेत, आधीचा शेरा चुकीचा होता, चूक माझी. आयुष्यात कुणाबद्दल इतकं चांगलं मी लिहिलं नव्हतं. तो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन तांडेलाच्या घरी गेलो.

तो ओट्यावर जाळ्याची भोकं सांधत होता, बायको बाजारातून येऊन नुकतीच टेकली होती. मी सगळं सांगितलं. हार, गाठ, पातं, गणित. तुमचा शब्द खरा होता, म्हणालो, आणि तसं लिहून दिलंय. हवं तर बंदरावर सगळ्यांसमोर सांगतो. माफ करा.

तांडेल हसला, पहिल्यांदाच. "सांगा बंदरावर," म्हणाला. "सांगायलाच पायजे."

बायको मात्र पेढ्याच्या पुड्याकडे बघत होती. "म्हंजे आदी वारा कमी व्हता," तिनं विचारलं, "आनि आता जास्ती झाला?"

"कमी नव्हता, काकी. कमी दिसत होता. आता खरा दिसतोय."

"लय हाय?"

"पहाटेचा चांगला आहे."

"मंग समिंदरात पंके येतील."

मी म्हणालो की अजून बरंच बाकी आहे, असे निर्णय एका अहवालावर होत नाहीत. ते खरंही होतं. पण वारा कमी असता तर गोष्ट तिथेच संपली असती, हेही खरं होतं, आणि ते मी बोललो नाही. तांडेलाचे हात थांबले होते. खोटं बोलून त्याला जी डोलीची जागा वाचवता आली असती, ती त्यानं रोज पहाटे स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती. मी आठवडाभर त्या नोंदींवर बोट ठेवून बसलो होतो आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मला फक्त त्याला खरा ठरवायचं होतं. त्याच्यासाठी की माझं मन हलकं व्हावं म्हणून, याचा मला आता संशय येतो.

"ह्ये खोटं लिवतात असं तुमी लिवलं व्हतं ना," बायको म्हणाली. "तसंच ऱ्हाऊ द्यायचं."

मला वाटलं तो तिला गप्प करेल. चार माणसांत गेलेला शब्द परत मिळावा म्हणून धक्क्यावर उभा राहिलेला माणूस तो. त्यानं जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं.

"ऱ्हाईन मी खोटा," तो म्हणाला. "बंदरावर पन काय सांगू नका. लिवा तसंच. पाठवलात काय तो नवा कागद?"

"कालच," मी म्हणालो.