आईनं वाचावं का, यावर बैठक

टेंभुर्णीच्या पुढं आमचं गाव. पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचला जातो. वाचणारा खुर्चीवर, ऐकणाऱ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून खाली सतरंजीवर. कळायला लागल्यापासून पाहतेय, त्या खुर्चीवर बाई कधी बसलेली नाही. कुणी मनाई केली होती का? बिलकुल नाही! मनाई केली असती तर भांडता तरी आलं असतं.

माझी आई साठीनंतर वाचायला शिकली, नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून. जोडाक्षराला अडली की स्वतःलाच शिवी घालायची आणि पुन्हा सुरू करायची. गेल्या वर्षी तिनं ग्रंथाची स्वतःची प्रत आणली आणि त्यातलं एक पान महिनाभर घोकलं. ते पान विहारात सगळ्यांसमोर वाचायचं, एवढीच तिची इच्छा. मी शाळेत शिकवते. मला वाटलं, यात काय अवघड आहे? विहाराचे अध्यक्ष म्हणजे आमचे चुलत काका, ग्रंथही तेच वाचतात. त्यांना सहज विचारलं.

"चांगलं हाय की," काका म्हणाले. "बैठक घेऊ."

आता एका पानासाठी बैठक कशाला? पण घेतली. रविवारी सकाळी, बाया भाकरी थापतात नेमक्या त्या वेळेला. आत सगळे पुरुष, बाई मी एकटी, आणि चहाचा ट्रे घेऊन ये-जा करणारी माझी आई.

विरोध एकाचाही नव्हता. एकानं तर स्त्रीशिक्षणावर पाऊण तास भाषण ठोकलं. बाईची बुद्धी कमी समजणं ही गुलामी आहे, म्हणाला. मी मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या. मग 'पण' सुरू झालं. पण उच्चार शुद्ध पाहिजेत. पण वेळ लागला तर लोकं उठून जातील. पण एकीला दिलं तर सगळ्या मागतील. मागू द्या ना! एकानं तोडगा काढला, बायांचं वाचन दुपारी वेगळं ठेवू. दुसरा म्हणाला, कॉलेजातल्या एखाद्या पोरीला बसवू, फोटो बी चांगला येईल.

"काका, आई दारातच उभी आहे," मी म्हणाले. "आत बोलवा, दोन ओळी वाचून घ्या. लगेच कळेल."

"असं जल्दीत न्हाई करता येत, माय. समतेचा प्रश्न हाय."

आणि त्या प्रश्नावर तीन जणांची उपसमिती नेमली. तिघेही पुरुष. माझं डोकं असं फिरलं की घरी येईपर्यंत मी रस्त्यानं एकटीच बडबडत होते. जुन्या काळी लोक सरळ सांगायचे, बाईनं शिकू नये. त्यांच्याशी वाद घालता यायचा. 'आमचा पूर्ण पाठिंबा' म्हणणाऱ्यांशी कसा घालायचा?

उपसमिती एकदाही बसली नाही. तिकडं वाचता वाचता काका आईच्या पानावर येऊन पोचले. त्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी होते. तिची प्रत मांडीवर उघडी. काका भरभर वाचत होते, आणि मधल्या चार ओळी गाळून पुढं गेले.

"थांबा भाऊजी," आई म्हणाली. "चार ओळी ऱ्हायल्या."

काका चष्मा खालीवर करत शोधायला लागले. तोवर आईनं बसल्या जागेवरून वाचायला सुरुवात केली होती. चार ओळी झाल्या, ती थांबली नाही. अख्खं पान वाचलं. एका ठिकाणी अडखळली, तिचं तिनंच दुरुस्त केलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

काका उभे राहिले. "आपल्या उपसमितीच्या प्रयत्नाला यश आलं," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपसमितीला! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझा हात ओढला.

"बस खाली. उद्याचं पान कोण वाचणार, ते इचार."

विचारलं. काका ग्रंथ मिटून कापडात बांधायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते वेळेच्या आधीच येऊन खुर्चीत बसले होते. आई आली, नेहमीची जागा सोडून बरोब्बर त्यांच्यासमोर बसली, आणि प्रत उघडून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्या दिवशी काकांनी एकही ओळ गाळली नाही.