थांब्यावरचे पावणे

ज्या कुणी आमच्या कॉलेजात तक्रारपेटी बरोबर सीसीटीव्ही कॅमेऱ्याखाली लावली, त्यांना तक्रारी नकोच होत्या. नाव घेत नाही, मला अजून एक सेमिस्टर काढायचंय. पण चिठ्ठी टाकणारी मुलगी ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसते आणि तिथं चहाला कायम कुणीतरी बसलेलं असतं, हे लावणाऱ्याला माहीत नव्हतं म्हणता?

मी विद्यार्थी सुरक्षा पथकात आहे. आम्ही काही पोरंपोरी आणि दर आठवड्याला पोलीस ठाण्यातून येणाऱ्या हवालदार खोत मॅडम. मी जग सुधारायला आत शिरले होते. गुन्हेगार काही फारसे सापडले नाहीत, किस्से मात्र न शोधता सापडतात.

पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा आत एकच चिठ्ठी. मी घाईघाईनं उलगडली. "कँटीनच्या मिसळीचा कट पातळ असतो. कारवाई व्हावी." सही नाही.

खोत मॅडमनी ती वाचली, खिशात घातली आणि थेट कँटीन गाठलं. परत आल्या त्या रुमालाला हात पुसत.

"तक्रारीत तथ्य हाय."

मग सायबर सुरक्षेवर व्याख्यान ठेवलं. ठाण्यातले साहेब तासभर एकच सांगत होते, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही.

पथकाचं काम बघणाऱ्या आमच्या सरांनी त्या दिवसापासून हजेरी ऑनलाइन केली होती. मोबाइलवर ओटीपी येणार आणि बाहेर पडताना तो पथकातल्या मुलांना सांगायचा. हॉल खच्चून भरलेला, पण एकानंही सांगितला नाही. उलट एकजण मलाच म्हणाला, "ताई, साहेब सांगत होते तेव्हा तुम्ही तर आतच बसला होता की."

सरांनी डोक्याला हात लावला. "कार्यक्रम यशस्वी झाला. फक्त तो झाला हे सिद्ध करता येत नाही."

स्वसंरक्षणाच्या वर्गात पथकातल्या सागरला गुंड केलं. त्यानं मागून हात धरायचा, मुलीनं सोडवून घ्यायचा. समोरची मुलगी रोज तालमीत जाते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

क्षणात सागर उताणा, ती छातीवर.

खालून आवाज आला, "मॅडम, मी अजून धरलंच न्हाई."

एकदा पार्किंगमधून एका पोराची गाडी गेली. कॅमेरे तपासले. सगळे बंद. चालू एकच, पेटीवरचा. दोन दिवसांनी गाडी जागेवर हजर! धुतलेली, पुसलेली, टाकी भरलेली.

"तक्रार मागं घेणार काय?" मॅडमनी विचारलं.

पोरानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "घेतो की. पण चोर घावला तर मारू नका. सर्व्हिसिंग राहिलंय."

हे सगळं हसण्यावारी गेलं. अश्विनीचं मात्र तसं नव्हतं. ती मलकापूरकडच्या एका गावातून एसटीनं ये-जा करते. कॉलेजसमोरच्या थांब्यावर रोज संध्याकाळी एक पोरगा बुलेटवरून घिरट्या घालायचा, तिच्याकडे नंबर मागायचा. मी म्हटलं, तक्रार दे.

"अर्जावर पालकांची सही लागती," ती म्हणाली. "वडलांनी सांगितलंय, एक जरी भानगड कानावर आली तर कॉलेज बंद. आणि आमच्या गावची सोनाक्का भाजी विकून त्याच गाडीनं परत जाती. तिला नुसता संशय आला तरी माझ्या आधी घरात पोचतंय."

मी त्याची कॉलर धरायला निघाले. खोत मॅडमनी मलाच धरलं. "तू कॉलर धरलीस की हिचं नाव झालं. गप बस."

दुसऱ्या दिवशी मॅडम साध्या साडीत थांब्यावर, सोनाक्काच्या शेजारी. बुलेट आली.

"पावणं, कुठलं म्हणायचं?"

आमच्याकडं या प्रश्नाला उत्तर न देता कुणी जात नाही. पोरगा म्हणाला, "कबनूर."

"वडील काय करत्यात?"

"यंत्रमाग हायत."

"सोताचं का भाड्यानं?"

एवढ्यात अख्खा थांबा सरसावला. मामाचं गाव कुठलं, शिकलाय किती, बुलेट तुझी का बापाची. एसटी लागली तसा कंडक्टरही दारात उभा राहून म्हणाला, "दारूबिरूचं इचारा की."

पोरगा घामाघूम. मॅडमनी गोड आवाजात वडलांचा नंबर मागितला आणि त्यानं तो दिलासुद्धा. मॅडमनी तिथंच लावला. "नमस्कार. तुमचा मुलगा रोज संध्याकाळी कॉलेजच्या थांब्यावर पोरींना नंबर मागत उभा असतोय. एकदा तुम्हीच येऊन बघून जावा."

पलीकडून वडील जे बोलले, ते स्पीकर न लावताही सगळ्या थांब्यानं ऐकलं. पोरानं बुलेट वळवली ती आजतागायत इकडं फिरकली नाही.

अश्विनी तेव्हा एसटीत खिडकीशी बसली होती. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

सोनाक्का रिकामी पाटी उचलत मॅडमकडं वळली. चेहरा फार दुःखी.

"बाई, एवढं खोदून इचारल्यावर पोरगं पळणारच की. आता तुमच्या लेकीचं लगीन कसं व्हायचं?"