पहिल्या पिकाचं बेणं

बाळांनो, हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. तुमचे आजोबा गेले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रार्थनेतसुद्धा — हो, प्रार्थनेतसुद्धा मी याला वळसा घालूनच जाते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे. मलाही लिहायला लागतो आहे.

माझं घर आठवतं ना? प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, प्रत्येक किल्लीला आपला खिळा. त्यामुळेच चर्चच्या मंडळीचा माझ्यावर विश्वास. कुरुंद्याजवळच्या आमच्या या लहानशा मंडळीत हळद निघाली की पहिल्या पिकाचा रविवार असतो. शेतातलं चांगलं ते आधी देवाला. धान्याचा लिलाव होतो. पण हळदीचं बेणं, म्हणजे लावणीसाठी राखलेले कंद, कुणी विकत नाही. ज्या घरात बेणं नाही त्या घराला ते देतात. लावणीपर्यंत ते माझ्या पडवीत, पाल्याखाली झाकलेलं असे. इंग्रजी शिकलेल्या बाईंकडे ठेवलेलं हलत नाही, असं लोक म्हणत.

त्या वर्षीचं बेणं विमलला जायचं होतं. नवरा गेलेला, जन्मभर दुसऱ्याच्या रानात मजुरी. पहिल्यांदाच तिनं रानाचा एक तुकडा बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला घेतला होता.

आणि ते बेणं — कसं सांगू? मी एक कंद मोडून पाहिला. आत गर्द केशरी. वास बोटांवरून जाईना. आमच्या घरच्या बेण्याला कूज लागली होती. वरून बरं दिसायचं, दाबलं की मऊ. विकत घेता आलं नसतं का? आलं असतं. पण मला तेच हवं होतं.

भर दुपारी, सगळे जेवून आडवे झाले असताना, मी दोन्ही ढीग बदलले. पाला पुन्हा नीट पसरला. माझं काम नेहमी नीट असतं.

विमल न्यायला आली. एक कंद तिनं दाबला, थांबली, माझ्याकडे पाहिलं — आणि हसली. "बाईच्या घरून आलंय, अन् म्या काहून तपासून राहिले! देवाचं बेणं हाय बाई. न्हाई उगवलं तर त्याच्याशीच भांडीन बघा."

उगवलं थोडं. पावसाळ्यात तेही सडून बसलं. ती पुन्हा माझ्याच दारात आली. "माझंच काई पाप असंल का वो, बाई?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "प्रार्थना कर, विमल."

तिनं ते रान सोडलं, पुन्हा मजुरीला लागली. आजही चर्चमध्ये ती माझ्या मागच्या बाकावर बसते. देवाशी भांडली नाही कधी.

आमची हळद मात्र सुरेख आली. दरवर्षी येते. याचीच मला भीती वाटते. देवाला दिलेल्यातलं चोरून मागे ठेवणारं जोडपं जागीच कोसळलं, असं शास्त्रात आहे. मी वाट पाहत राहिले — ताप नाही, कीड नाही, काहीच नाही. प्रभुभोजनाचा प्याला हाती आला की सुरुवातीला ओठांना न लावताच पुढे द्यायची. मग पिऊ लागले. आता प्रार्थनेला बसते तेव्हा पलीकडे कुणी नाहीच असं वाटतं. तो निघून गेला? की मीच आता वरून बरी दिसणारी, दाबलं की मऊ?

या वर्षीच्या हळदीतूनच पुढच्या वर्षीचं बेणं निघतं. म्हणजे ते कंद संपलेलेच नाहीत. पार्सलातून तुम्हाला येते ती हळद, तुमच्या आईनं दुधात घालून तुम्हाला पाजली ती हळद, त्यांचीच.

तुम्हाला पाठवायचा यंदाचा हळदीचा डबा भरून झाला आहे. काल चिठ्ठीवर विमलचं नाव लिहिलं. मग चिठ्ठी फाडली.