आईच्या हातातला गोट

गेल्या आठवड्यात आईला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी इथे सुरतमध्ये, उधन्यातल्या एका दवाखान्यात ॲडमिट केलं. ऑपरेशन संध्याकाळी होतं आणि आम्ही सकाळीच जाऊन बसलो होतो. अशा ठिकाणी वेळ सरता सरत नाही...

खिडकीखालच्या गल्लीत कापड विणायचे लूम चालू होते. खटखट, खटखट... बाबांची अख्खी नोकरी त्या आवाजात गेली आणि माझं बालपण. कुठेही ऐकला तरी मला बसल्या बसल्या गुंगी येते.

नर्स आली आणि म्हणाली, अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. मंगळसूत्र आईने देवाला हात जोडून स्वतःच काढून दिलं. जोडवी निघाली, डाव्या हातातला चांदीचा गोट निघाला. उजवा काही निघेना.

हे दोन्ही जाड गोट लग्नात माझ्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने घातलेले. तेव्हा तो हात एका पोरीचा होता. मग धुणी, भाकरी, घरी आणून साड्यांना लेस लावायचं काम... उजव्या अंगठ्याचं हाड जाड होत गेलं आणि गोट आत राहून गेला.

मी मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. घर्षणाचा धडा माझा तोंडपाठ. तेल लावलं की घर्षण कमी होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते... त्यामुळे मी मोठ्या तोऱ्यात तेल मागवलं. मग साबण झाला, नर्सने दिलेली जेलही झाली.

गोट अंगठ्याच्या बुडापर्यंत सुळकन यायचा आणि तिथे अडायचा. पुढे कातडी गोळा व्हायची, हात लालबुंद. आई डोळे मिटून सोसत होती. शेवटी नर्सच हळू आवाजात म्हणाली, "मासी, कापवुं पडशे."

झालं! आईने हात पदराखाली घेतला. "मना गोट कापू नका. ऑपरेशन नको, माले घर लई चाला."

सोनार परत जोडून देईल, असं मी समजावलं. ती म्हणाली, "जोडी दी. पन कापेल ते कापेलच ना." आणि बाबांकडे बघितलं. बाबा स्टुलावर बसून माझ्यासाठी मोसंबी सोलत होते.

मला तेव्हा कळलं. तिच्या लेखी हातातलं कापायची, फोडायची वेळ बाईवर एकदाच येते, नवरा गेल्यावर. आणि नवरा तर समोर बसलेला, धडधाकट. मला आधी राग आला, मग भीती वाटली... कारण पोटातल्या कळांनी ती महिनाभर तळमळताना मी बघितली होती. दुपार सरेपर्यंत बघा, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, असं सांगून नर्स गेली.

दुपार झाली. पंखा फिरत होता, आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी माझी सॅटिनची ओढणी पलंगाच्या दांडीवर टाकली, ती खाली पडली. पुन्हा टाकली... पुन्हा पडली. सुरतचं कापड! ठेवाल तिथे राहील तर शपथ. आमच्या घरात उशांना असलेच अभ्रे आहेत आणि सकाळी सगळ्या उशा जमिनीवर असतात.

लूमच्या तालावर माझे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत मी त्या ओढणीकडे बघत राहिले. ती दांडीवरून सरकत होती, आवाज नाही, घाई नाही... तिला कशाचीच पकड नव्हती. किती सुखात पडतेय ही, असं काहीतरी वेडगळ माझ्या मनात आलं.

आणि मी खडबडून जागी झाले. गोट हाडाला अडत नव्हता, कातडी गोळा होऊन त्याला अडवत होती. दोघांच्या मध्ये हे कापड गेलं तर?

बाबांना सांगितलं. ते उठले, हात धुऊन आले. लूमवर ताण्याचे उभे धागे ओवण्यात त्यांची बोटं मुरलेली आहेत. ओढणीचं टोक त्यांनी गोटाखालून हळूहळू पलीकडे नेलं, कापड हातावर सगळीकडून पसरून ताणून धरलं आणि आईला अंगठा आत दुमडायला सांगितला.

आईने श्वास रोखला. बाबांनी गोट किंचित फिरवत पुढे आणला... आणि तो ओढणीवरून घसरत थेट त्यांच्या तळहातात आला. नर्सला बोलावलं तर ती टाळ्याच वाजवायला लागली. त्या बाईने अर्ध्या दिवसात एकदाही आवाज चढवला नाही, तिचे आभार कसे मानू मला कळत नाही.

ऑपरेशन छान झालं. घरी आल्यावर बाबांनी तो गोट दंतमंजन लावून लख्ख घासला आणि ओढणी घेऊन आईच्या उशाशी बसले. पुन्हा घालायला.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आते. हातले वारा लागी ऱ्हायना."

हाताला वारा लागतोय म्हणे! मी आणि बाबा एकमेकांकडे बघतच राहिलो. ज्याच्यासाठी ऑपरेशन सोडून निघाली होती, तो गोट आता नको? पण खरंच, कापू नका एवढंच ती म्हणाली होती. काढू नका असं कधी म्हणालीच नव्हती... आमच्यापैकीच इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

गोट होता तिथे मनगटावर एक गोरापान पट्टा उमटलाय, लहान मुलाच्या कातडीसारखा मऊ. बाबांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून बसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोच्या हाताचा तेवढा भाग ते पहिल्यांदाच बघत होते.